तीच चूक दोनदा

माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं, असं मी एकदा चारचौघांत सांगितलं. ते साफ खोटं होतं. त्या दिवसापासून त्यांना खरोखरच ऐकू येईनासं झालंय. कुणी म्हणेल, काहीतरीच काय बाई, असं कधी होतं का! होतं की. आमच्या घरात झालंय, आणि ते माझ्यामुळं झालंय.

आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे मंद्रूपचे. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि सोलापुरातच रिटायर झाले. विडी नाही, सुपारी नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, संगीत नाटक. गावात कुठलीही कंपनी येऊ दे, आबा हजर. तेही खुर्चीत नव्हे, सगळ्यात मागं, भिंतीला पाठ लावून उभे. "खुर्चीत बसलं की माणूस बघाय लागतंय. मला ऐकायचं असतंय," हे त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रापायी मीही परकरी वयात तीन-तीन तास उभी राहिलेय. पाय दुखायला लागले की खिशातून एक पेपरमिंट निघायचं आणि वरून आवाज यायचा, "आता नीट ऐक, तबलेवाला गाणारीला वाट देतोय बग."

बाकीच्या लोकांना पद आवडलं की ते 'वन्स मोअर' ओरडतात, आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. आबांचा वन्स मोअर मात्र वेगळा. त्यांच्या लेखी ते कौतुक नव्हतं, ती परीक्षा होती. पहिल्यांदा गायलं ते पाठांतर, दुसऱ्यांदा गायलं तर माणूस कळतो, असं ते म्हणायचे. पहिल्या वेळी कुठं श्वास घेतला, दुसऱ्या वेळी कुठं घेतला, कुठली तान टाळली, कुठली नव्यानं सुचली, याचा हिशोब घरी येईपर्यंत चालायचा. आई वैतागायची. "त्या बाईला जेवढं म्हाईत नसंल तेवढं तुम्हाला म्हाईत!" आबा खूश व्हायचे.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं आबांची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आई तोवर गेलेली होती, म्हणून आबा माझ्याकडे राहायला आले. मला वाटलं होतं, माणूस खचणार. पण नाही. उलट कान असे तल्लख झाले की आम्हाला घरात कुजबुजायची सोय राहिली नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसभर खटखट. त्या गोंगाटात आबा कॉटवर बसून सांगायचे, "तिसरा माग बंद पडला बग." थोड्या वेळानं शेजारच्या मावशी मागवाल्याच्या नावानं तेलुगूत ओरडायच्या आणि आबांचं म्हणणं खरं निघायचं. दारात कोण आलंय ते चपलेवरून. भाजीवाला रागात आहे की मजेत ते हाळीवरून. माझी मुलगी गाणं शिकते. ती रियाजाला बसली की हे भिंतीपलीकडून, "निषाद उतरला गं, वर धर." मुलगी चिडायची, पण निषाद वर धरायची. डोळे गेल्यावर माझ्या बापाजवळ उरलं होतं ते एवढंच, आपला कान आपल्याला फसवत नाही ही खात्री. त्या खात्रीवर ते रुबाबात जगत होते, अगदी रुबाबात.

आता माझं सांगते. मी शिक्षिका. आमच्या संस्थेच्या जिल्ह्यात पाच-सहा शाळा. कुणाला कुठं ठेवायचं ते अध्यक्ष ठरवणार. कागदोपत्री समिती वगैरे असते, पण समितीला विचारतंय कोण! त्या वर्षी माझं नाव बदलीच्या यादीत असल्याची कुणकुण होती. घरात डोळ्यांनी अधू बाप, मुलगी बारावीला, नवरा फिरतीच्या नोकरीवर. मी बाहेरगावी गेले तर आबांना जेवायला वाढणार कोण? म्हणून अध्यक्ष दिसले की माझी मान आपोआप खाली. नमस्कार साहेब, हो साहेब, छान साहेब. सांगताना आजही माझी मलाच चीड येते.

संस्थेच्या वर्धापनदिनाला अध्यक्षांनी संगीत नाटक ठेवलं. गावात बोर्ड लागले, त्यावर ठळक अक्षरांत 'जिवंत साथसंगतीसह'. आणि एक दिवस साहेबांनी मला ऑफिसात बोलावून हातात दोन पास ठेवले. "मॅडम, तुमचे वडील मोठे रसिक आहेत म्हणे. आणा त्यांना. पहिल्या रांगेत बसवू." मी अशी फुलून गेले की विचारू नका. हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी, तशी गत. मला वाटलं, आता बदली टळली.

प्रयोग रविवारी संध्याकाळी पाचचा. आबा दुपारी दोनलाच तयार. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, आणि तीनदा विचारून झालेलं, "रिक्षा सांगितलीस न्हवं?" डोळे गेल्यापासूनचं हे पहिलंच नाटक. मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे दिसताय. म्हणाले, "लग्नात येवडी घाई न्हवती मला."

पहिल्या रांगेत खुर्च्या नव्हत्या, सोफे होते. आबांनी हात फिरवून बघितलं. "हितं बसायचं? मागं न्हाय का उभारायला जागा?" मी दटावून बसवलं. शेजारच्या सोफ्यावर साहेब, त्यांच्या मांडीवर घडी केलेली शाल. पुढचा तास सत्कारांत गेला. नारळ, शाल, गुच्छ, पुन्हा नारळ. साहेबांनी भाषणात संगीत नाटकाला आपण कसा आश्रय दिला ते सांगितलं. नाटक अजून सुरूच नव्हतं झालं, आश्रय मात्र देऊन झाला होता! आबा शांत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तबलेवाला आलाय का?" मी बघितलं. रंगमंचाच्या पुढ्यात उजव्या अंगाला एक तबलजी आणि एक पायपेटीवाले, दोघे छान झब्बे घालून बसले होते. "आलाय आबा, आपल्या समोरच बसलाय." आबा हसले.

तिसरी घंटा झाली. नांदी झाली. नायिकेचं पहिलं पद सुरू झालं आणि मी आबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण मला नाटकापेक्षा तेच बघायचं होतं. पहिल्या ओळीला डोकं हललं. दुसऱ्या ओळीला थांबलं. मग त्यांनी मान तिरकी केली. "तबला समोर हाय म्हणालीस न्हवं? मग आवाज डोस्क्यावरनं का येतोय?" मी म्हटलं, "माइकमधून येतोय आबा." "माइक लावला म्हणून हातातली थाप मरती व्हय?"

पद संपलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या विरायच्या आत आबांनी खणखणीत आवाजात आरोळी दिली, "वन्स मोअर!" सभागृह खूश. आंधळे आजोबा वन्स मोअर मागतायत, केवढं कौतुक! मागून वीस जण ओरडले. मोबाइल वर झाले. साहेबही टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा मी पहिल्यांदा नायिकेकडे नीट बघितलं. तिनं पटकन विंगेकडे नजर टाकली आणि थांबली. आम्ही बसलो होतो तिथून विंगेचा आतला भाग दिसत होता. तिथं एक दाढीवाले गृहस्थ लॅपटॉपवर वाकून काहीतरी दाबत होते. मग पद सुरू झालं. तिचे ओठ मागाहून हलले.

पायपेटीवाल्यांची बोटं पट्ट्यांवर नुसती फिरत होती. तबलजी हात हलवत होता, पण थाप तबल्यावर पडतच नव्हती. जिवंत माणसं आणून बसवली होती, म्हणजे बोर्डावरचं खोटं नव्हतं म्हणायचं. आणि लोक? लोक माना डोलावत होते. साहेब भलत्याच जागी 'वाहवा' म्हणत होते. साडेतीनशे माणसांना डोळे होते आणि एकालाही दिसत नव्हतं.

आबा अगदी ताठ बसून ऐकत होते. पद संपलं तसे ते माझ्याकडे वळले. हळू बोलायची त्यांना सवयच नाही. "ही बाई गात न्हाय. टेप हाय ही! दुसऱ्या ओळीला घसा खरखरला, दोन्ही वेळा तितंच. तिसऱ्या तानंला सूर उतरला, दोन्ही वेळा तेवडाच. माणूस तीच चूक दोनदा तशीच्या तशी करत न्हाय बाई! चूकबी बदलती!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेब वाकून म्हणाले, "काय म्हणतायत वडील?"

इथं मला काय काय बोलता आलं असतं, याचा विचार मी आजवर शेकडो वेळा केलाय. 'काही नाही साहेब' म्हणता आलं असतं. हसून वेळ मारून नेता आली असती. नुसतं गप्प बसता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढं बदलीची यादी नाचत होती. मी म्हणाले, "काही नाही हो साहेब. वयोमानानं ऐकायला कमी येतं त्यांना. काहीतरी वेगळंच ऐकू येतं."

"हां हां, चालायचंच," साहेब म्हणाले, आणि आबांच्या कानाला तोंड लावून केवढ्यानं तरी ओरडले, "आजोबा! आवाज वाढवायला सांगू का?"

आबा दचकले. आख्खी रांग हसली. वाईट मनानं नाही, म्हाताऱ्या माणसाला हसतात तशी. आबांनी माझ्या दिशेनं तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "व्हय गं? मला कमी ऐकू येतंय?"

मी त्यांचा हात दाबला असता तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "गप बसा ना आबा आता."

ते बसले. नाटक संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. साहेबांनी जाताना विचारलं, "मग, आवडलं का आजोबांना?" मी म्हटलं, "फार!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला. बशी तशीच हातात धरून आबा म्हणाले, "खरं सांग. तुला डोळे हायती, तू बगत हुतीस. ती गात हुती का?"

आता तिथं ना साहेब होते ना यादी. होता तो फक्त बाप आणि बशीत निवत चाललेला चहा. पण खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार, की तुम्ही बरोबर होतात आणि तरी मी तुम्हाला चारचौघांत बहिरं ठरवलं. माझी जीभ रेटेना. पहिलं खोटं मी साहेबांच्या भीतीनं बोलले होते, दुसरं स्वतःच्या लाजेनं बोलले. "गात होती आबा. मी बघितलं की."

"बरं," ते म्हणाले आणि चहा प्याले.

रडले असते, भांडले असते तर बरं झालं असतं. पण काही नाही. फक्त मागांबद्दल बोलणं बंद झालं. दारात चप्पल वाजली की आधी नाव घ्यायचे, आता "कोन आलंय?" विचारायला लागले. रेडिओ सकाळी लावायचे, तो लावेनासे झाले. आठ-दहा दिवसांनी मुलगी रियाजाला बसली होती. भिंतीपलीकडून काहीच येईना तसं तिनंच विचारलं, "आजोबा, निषाद बरोबर लागला का?" मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. तिकडून आबा म्हणाले, "आईला इचार पोरी. माझ्या कानाचं आता काय खरं न्हाय." आईला! मला निषाद आणि धैवतातला फरक कळत नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तशीच उभी.

मग एक दिवस आबाच म्हणाले, "बाई, मला कानाचं मशीन बगतीस का?" सात रस्ता चौकाजवळ कानाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. मी मनातून खूश होते. म्हटलं, तपासणीत कान ठणठणीत निघतील, डॉक्टर तसं सांगतील आणि माझं काम परस्पर होईल. बघा, तेव्हाही मला दुसऱ्याच्याच तोंडून खरं बोलायचं होतं. आबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होते. आबांची मान किंचित तिरकी व्हायची. ती मान मी लहानपणापासून ओळखते, त्यांना ऐकू आलं की ती तशीच होते. अंगठा बटणाकडे जायचा, वर थांबायचा, आणि परत मागं यायचा. एकदा नाही, दहादा. डॉक्टरांनी कागद दाखवला. म्हणाले, बरंच कमी झालंय, मशीन लागेल.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "आबा, आवाज येत होता ना? मग बटण का नाही दाबलं?"

"आल्यागत वाटायचा," आबा म्हणाले. "पन खात्री न्हवती. उगं खोटं कशाला दाबायचं?"

मशीन आलं. ते शिट्टी मारतं. भांडं खाली ठेवलं तरी फेकल्यासारखं वाजतं म्हणतात. माग, भाजीवाला, मुलीचं गाणं, सगळं त्यांना आता एकसारखं पत्र्यावर वाजल्यागत येतं. काढून ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत. "डाक्टरनं सांगितलंय," एवढंच.

आणि बदली? जूनमध्ये झाली की! मंगळवेढा. साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तुमच्यासारखी अनुभवी माणसं तिकडं हवीत." तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ज्यासाठी बापाला बहिरा केला, ते काही हाताला लागलंच नाही. आता पहाटे उठून भाकऱ्या करायच्या, आबांचं ताट झाकून शेजारच्या मावशींना सांगायचं आणि एसटी गाठायची. एसटीत दोन्ही वेळा बसायला जागा मिळते असं नाही, पण विचार करायला वेळ भरपूर मिळतो.

तशा एका प्रवासात ठरवलं, बस्स झालं. त्या रविवारी आबांजवळ कॉटवर बसले. मशीन नीट लावलंय ना ते बघितलं, आणि सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप, मागाहून हललेले ओठ, न वाजणारा तबला, यादी, साहेब, मी. काही लपवलं नाही. "तुम्ही बरोबर होतात आबा. सगळ्या सभागृहात तुम्हीच एकटे बरोबर होतात. मी खोटं बोलले. दोनदा बोलले."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाचपत माझा हात शोधला आणि त्यावर थोपटलं. ते हसत होते.

"लई जीव लावतीस गं म्हाताऱ्याला," म्हणाले. "माझं मन राखायला सोतावर आळ घेतीस व्हय?"

"आबा, देवाशपथ खरं सांगतेय!"

"शपथ नगं घिऊ. मी म्हातारा झालोय, खुळा न्हाय झालो. कान जातोय, तर जाऊ दे की. वयच हाय. पन माझी लेक मला चांगलं ऐकू येत असताना चारचौघांत भैरा म्हनंल? आन् दुसऱ्या दिशी पुन्ना तेच सांगंल? छ्या! ते मला कुनी सांगितलं तरी मी मानायचो न्हाय."

मी आणखी दोनदा सांगून बघितलं. ते मान हलवत राहिले, समजूत काढल्यासारखे. शेवटी म्हणाले, "रडू नगंस. च्या टाक."

मी उठून चहा टाकला. माझ्या बापाला आता स्वतःच्या कानाची खात्री नाही, दारातल्या पावलाची नाही, सुराची नाही. एकाच गोष्टीची त्यांना पक्की खात्री उरलीय, ती म्हणजे मी. तेवढी एकच त्यांची साफ चुकलेली आहे.